एक्सटर्नलचे पोहे

रायपूरच्या लोखंड कारखान्यांशेजारच्या भनपुरीत वाळत घातलेली पांढरी चादर संध्याकाळी घरात घेतली की तिच्यावर राखाडी पापुद्रा असतो. तो झटकला की उडतो आणि जेवणाच्या ताटावर जाऊन बसतो. पाण्याच्या माठावरच्या झाकणावर असतो, लहान मुलांच्या नाकात असतो, सकाळी थुंकलं तर थुंकीत असतो. तिथली माणसं त्याला नुसतं ‘काला’ म्हणतात. ‘आज काला ज्यादा गिरा’ एवढंच. जणू दव पडलं.

चेतना रामटेके या काल्यातच वाढली. वडील हिरालाल रेल्वेत फिटर. घराणं मूळचं भंडाऱ्याकडचं, आजोबांच्या वेळी रायपूरला आलेलं. आई कांताबाई दिवसातून दोनदा घर पुसते आणि दोन्ही वेळेला त्याच शिव्या देते. धाकट्या यशदीपला मराठी कळते, पण तो उत्तर हिंदीत देतो.

चेतनाने एम.एस्सी.ला रसायनशास्त्र घेतलं ते या काल्यामुळे. हा नेमका काय आहे, हे तिला जाणून घ्यायचं होतं. त्यासाठी तिने घराजवळचंच खाजगी कॉलेज निवडलं. कारखान्यांच्या पट्ट्याला लागून असलेली, काचेच्या दर्शनी भिंतीची ती चार मजली इमारत. काच आतून चकचकीत होती. बाहेरून ती कोणी पुसत नसे.

पहिल्या महिन्यातच तिच्या लक्षात आलं, की प्रयोगशाळेला कुलूप असतं. आत पाहुण्यांसाठीचे सोफे ठेवले होते. कपाटातली उपकरणं अजून थर्माकोलमध्ये होती. तपासणी समिती आली की ती बाहेर काढायची, समिती गेली की परत आत. हजेरी सगळ्यांची पूर्ण लागे, वर्गात कोणी नसलं तरी. प्राध्यापक गेस पेपरमधून शिकवत आणि तसं सांगतही. लाज नावाची गोष्ट त्या इमारतीत शोधूनही सापडली नसती.

मुलं मरगळली आहेत अशी तक्रार वर गेली, तेव्हा संस्थेने उपाय म्हणून एक मोटिवेशनल स्पीकर बोलावला. चमकदार जॅकेट, कानाला माइक. त्याने सभागृहातल्या सगळ्यांना उभं केलं, शेजारच्याच्या खांद्यावर हात ठेवायला लावला आणि ‘मैं आग हूँ’ असं ओरडायला लावलं. मागच्या रांगेतून कोणीतरी ‘मैं राख हूँ’ म्हणालं. स्पीकरला ते ऐकू गेलं नाही. त्याचे डोळे भरून आले होते, आणि ते दर कार्यक्रमात त्याच वाक्याला भरून येत. चेतना बाहेर येऊन नळावर तोंड धूत राहिली. नळाच्या तोटीवरही काला होता.

तिची मैत्रीण ऋता ब्राह्मणपारा या जुन्या मराठी मोहल्ल्यातली. शेवटच्या वर्षी प्रत्येकाने स्वतः काम करून प्रबंध द्यायचा असा नियम होता. ऋताने तो कॉलेजबाहेरच्या बाइंडिंगवाल्याकडून तयार आणला, वर्गातल्या बाकी सगळ्यांसारखा. विषय होता समुद्राच्या पाण्यातले क्षार.

“समुद्र?” चेतना म्हणाली. “रायपूरला?”

“मला काय माहीत? त्याच्याकडे तोच शिल्लक होता.”

“आणि विचारलं तर?”

“अगं, विचारतंय कोण?”

चेतनाने आपला प्रबंध स्वतः करायचा ठरवला. घराच्या छतावर स्टीलच्या थाळ्या मांडल्या. रोज त्यांतला काला गोळा करायचा, चाळायचा आणि पॉलिथिनमध्ये गुंडाळलेलं चुंबक त्यावरून फिरवायचं. लोखंड केसासारखं उभं राहून चुंबकाला चिकटे. चुंबक हिरालालने जुन्या स्पीकरातून काढून दिलं होतं.

“पोट्टी पाखराले दाणे ठेवून राहिली काय?” शेजारणीने विचारलं.

“नाही,” कांताबाई म्हणाली. “माह्या घरचे ताट खराब करून राहिली.”

यशदीप म्हणाला, “दीदी, बाइंडिंगवाले भैया से ले लो ना. सबने लिया है.”

कॉलेजचा तराजू थर्माकोलमध्ये होता. मग ऋताने ओळखीच्या एका सोनाराकडे नेलं. त्याने चिमूटभर काला आपल्या काट्यावर घेतला, चष्मा वर केला आणि म्हणाला, “बेटा, लोग यहाँ सोना लेकर आते हैं.” तरी तो दर आठवड्याला वजन करून देत राहिला. काम संपवल्यावर काटा दोनदा पुसायचा.

वर्षभर तिला कोणी प्रोत्साहन दिलं नाही. शिकायची उमेद तिने कशावर टिकवली, असं विचारलं तर ती ‘किळस’ असं सांगते. बाइंडिंगवाल्याच्या दुकानातला तो डिंकाचा वास, सोफ्यांची प्रयोगशाळा, जॅकेटवाल्याचे अश्रू हे सगळं आठवलं की ती उठून छतावर जात असे. तिला एवढंच हवं होतं, की तोंडी परीक्षेला बाहेरून येणाऱ्या परीक्षकाने, म्हणजे एक्सटर्नलने, तिला तिच्या कामावर एक प्रश्न विचारावा. खरा. ज्याचं उत्तर फक्त तिलाच देता येईल असा. तो आला नाही, तर तिच्या वर्षात आणि ऋताच्या समुद्रात काही फरक राहणार नव्हता.

एक्सटर्नलच्या खातिरदारीला त्या कॉलेजात ‘सेवा’ हा शब्द होता. ‘सेवा किसके पास है?’ म्हणजे खाणंपिणं कोण बघतंय. तोंडी परीक्षेच्या, म्हणजे वायवाच्या, आदल्या दिवशी विभागप्रमुख शर्मिष्ठा मॅडमनी चेतनाला बोलावलं. मॅडम पुरानी बस्तीतल्या जुन्या मराठी घरातल्या, पण त्यांना मराठी आठवायची ती काम असलं की.

“चेतना, उद्या नागपूरचे यशवंतराव सर येताहेत. आपलाच माणूस. त्यांना तर्री पोहे लागतात. तुझी आई छान करते म्हणे. घेऊन ये, आणि सकाळपासून तूच बस त्यांच्याजवळ. वाढायला.”

“मॅडम, माझी वायवा आहे.”

“मग? तिथेच तर असशील.”

घरी कांताबाईने ऐकून घेतलं. पोहे निवडता निवडता थांबली.

“आपल्या घरचं खातीन ते?”

“मॅडमनंच सांगितलं.”

“तं खाऊ दे,” ती म्हणाली आणि हरभऱ्याची तर्री मुद्दाम झणझणीत केली.

दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेचं कुलूप उघडून सोफे पुसले गेले. यशवंतराव सर भारदस्त, गोरे, सफारीतले. त्यांच्या पुढ्यात काजूकतली, कचोरी, कापलेलं सफरचंद. डब्यातून पोहे काढून चेतनाने स्टीलचं झाकण उघड्या खिडकीच्या कट्ट्यावर ठेवलं आणि ती सोफ्यामागे उभी राहिली. मुलं एकेक येत. सर चमचा तोंडात असतानाच मान हलवत, प्रबंधाच्या मुखपृष्ठावर नजर टाकत. एकावर तर्रीचा थेंब पडला. त्यांनी तो बोटाने निपटून घेतला आणि चाटला. ऋता आली.

“समुद्र! वा. विशाल विषय.”

बस्स. ऋता बाहेर पडताना चेतनाकडे न बघता गेली.

शेवटी मॅडम म्हणाल्या, “ही चेतना. हिचे मार्क तर पोह्यांवरच द्यायला हवेत.”

सर हसले. दातात अडकलेला हरभरा जिभेने शोधत त्यांनी चेतनाचा प्रबंध उचलला, तळहातावर तोलला आणि न उघडता खाली ठेवला. “पोरी, काय करून राहिली इथं?” नागपूरकडची बोली त्यांनी गमतीत वापरली, जशी माणसं नोकरांशी वापरतात.

“शिकून राहिली, सर.” तिची ती रोजची भाषा होती. तिला त्यात गंमत नव्हती.

“छान, छान. झालं मग.”

“सर, मला एक प्रश्न विचारा.”

मॅडमनी डोळे मोठे केले. सर जरा गोंधळले, मग खुलले. “विचारतो. ही तर्री. काय घातलं काय हिच्यात?”

सोफ्याजवळचा शिपाईसुद्धा हसला. चेतना हसली नाही. वायवात दाखवायला तिने चुंबक आणलं होतं, पॉलिथिनमध्ये गुंडाळलेलं. तिने कट्ट्यावरून डब्याचं झाकण उचललं आणि सरांच्या पुढ्यात ठेवलं. सकाळी ते चकचकीत होतं. आता त्यावर राखाडी साय धरली होती. तिने चुंबक त्यावरून हळूच फिरवलं आणि उचललं. खालच्या अंगाला काळी लव उभी राहिली होती.

“कांदा, हरभरा, मसाला,” ती म्हणाली. “आणि हे. झाकण खिडकीत होतं, तुम्ही खिडकीसमोर बसून खाऊन राहिले होते. जेवढं झाकणावर पडलं तेवढं ताटात पडलं.”

सरांनी बशीकडे पाहिलं. तर्रीवर तेलाचा लाल तवंग होता आणि तवंगावर बारीक काळे ठिपके. ते मिरीचे असतील असं ते सकाळपासून समजत होते. चमचा त्यांनी हळूच, आवाज न करता ठेवला.

“हे... काय आहे हे?”

प्रबंधाच्या पहिल्या पानावरचं पहिलं वाक्य म्हणजे नेमका हाच प्रश्न होता. चेतनाने सांगायला सुरुवात केली. किती भाग लोखंड, किती राख, कोणत्या वाऱ्याला जास्त, कोणत्या महिन्यात कमी. त्यांनी विचारलं, हे पोटात जातं का? तिने सांगितलं, पोटात जाणाऱ्याची तिला कमी काळजी आहे, छातीत जाणाऱ्याची जास्त. त्यांनी विचारलं, वजन कुठे केलं? तिने सांगितलं, सोनाराकडे. मॅडम कपाटातल्या थर्माकोलकडे पाठ करून उभ्या होत्या.

सरांनी रुमालाने ओठ पुसले, रुमालाकडे पाहिलं आणि प्रबंध उघडला.

मार्क चेतनाला बाकीच्यांइतकेच पडले. ऋताच्या समुद्राला एक जास्त. मॅडम तिला कॉरिडॉरमध्ये म्हणाल्या, “पाहुण्याच्या ताटात घाण दाखवतात का?” त्यावर ती म्हणाली, “मॅडम, मी फक्त झाकण दाखवलं.” सोफ्यांच्या प्रयोगशाळेला पुन्हा कुलूप लागलं.

घरी कांताबाईने डबा उघडला.

“पोहे उरले काहून? तिखट झालते का?”

“नाही,” चेतना म्हणाली. “सर वाचून राहिले होते.”

कांताबाईने झाकण तोंडाशी नेऊन पाहिलं, पदराने पुसलं आणि तीच शिवी दिली.