प्रत्येक सोमवारचा पाऊस

रजिस्टर फारच चांगलं होतं, आणि तिथेच माझ्या मनात पाल चुकचुकली.

सिंगापूरच्या बुओना व्हिस्टा भागातल्या आमच्या ऑफिसात माझ्यासमोर स्क्रीनवर एका चिमुकल्या बेटाच्या पावसाच्या नोंदी उघड्या होत्या. इंग्रजांच्या अमलातल्या. बेटावर त्यांनी एक झेंड्याचा खांब उभारला होता आणि एक पर्जन्यमापक ठेवला होता. दर सोमवारी शेजारच्या मोठ्या बेटावरच्या बंदर कचेरीतला कारकून सरकारी लाँचने जायचा, आठवड्याचा पाऊस मोजायचा आणि रजिस्टरमध्ये लिहायचा. सहा वर्षांचं रजिस्टर, मोत्यासारखं अक्षर, एकही सोमवार रिकामा नाही. समासात कोणा साहेबाचा शेरासुद्धा होता: अत्यंत नियमित.

आधी माझं काम काय ते सांगते. मी सुमेधा, मूळची गुहागरची. तुआसच्या शिपयार्डात आठ वर्षं काढली, मग या छोट्या फर्ममध्ये आले. जुने समुद्री नकाशे, दीपगृहांच्या वह्या, बोटींची लॉगबुकं तपासायची आणि ती किती खरी हे सांगायचं, हे माझं काम. दोन देश एखाद्या बेटावरून भांडू लागले की प्रकरण कधीकधी लवादाकडे जातं, आणि तशा काही सुनावण्या सिंगापूरमध्ये होतात. तिथे माझ्यासारखीला एक्स्पर्ट विटनेस म्हणून उभं करतात. फी एक बाजू देते, पण शपथ लवादासमोर घ्यायची असते. हे नवीन क्लायंटला समजावताना दरवेळी माझा घसा बसतो.

या बेटाचं भांडण असं होतं. इंग्रज गेले आणि जाताना हे बेट कोणाला दिलं ते नीट लिहायचं विसरले. एवढासा तो खडक, त्यांना कुठे आठवणार? आता दोन शेजारी देश म्हणतात, ते आमचं. अशा वेळी नकाशावर कोणी कोणता रंग भरला याला फार किंमत नसते. तिथे प्रत्यक्ष कारभार कोणी केला हे पाहतात. आमच्या क्लायंट देशाचं म्हणणं होतं की ते मोठं बेट आज आमचं, कारभार तिथल्याच बंदर कचेरीतून चालायचा, आणि त्याचा सगळ्यात भक्कम पुरावा म्हणजे हे पावसाचं रजिस्टर. पहिल्याच निवेदनात त्यांनी ते मोठ्या डौलाने जोडलेलंही होतं.

त्यानंतरच्या नऊ वर्षांचं, दुसऱ्या कारकुनाचं, आणखी एक रजिस्टर होतं. ते मात्र कोणाला आवडत नव्हतं. अक्षर गिचमिड, पानांना पाण्याचे डाग, आणि कितीतरी सोमवार रिकामे. आमच्या बाजूची सीनियर वकील रेबेका मला म्हणाली होती, "ते दुसरं नको आणायला. समोरचे म्हणतील, बघा, यांचं सरकार निम्मा वेळ गैरहजर."

शनिवारी सकाळी क्लेमेंटीच्या माझ्या फ्लॅटमधून मी अण्णांना फोन लावला. माझे वडील. चौऱ्याऐंशी वर्षांचे आहेत, गुहागरला असतात. आयुष्यभर तलाठी होते, शेवटी सर्कल झाले, म्हणजे बाकीच्या तलाठ्यांचं काम तपासायचे. तलाठ्याने दर हंगामात शेतावर जाऊन कुठे काय पेरलंय ते बघायचं आणि सातबाऱ्यावर लिहायचं, याला पीकपाहणी म्हणतात. ती कित्येकदा चावडीत बसून चहा पितापिता कशी होते हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत आहे.

"अण्णा, घरबसल्या केलेली पीकपाहणी तुम्ही ओळखायचात कशी?"

"का गो? सिंगापुरात शेती काढलीस की काय?"

"सांगा ना."

"सोपं असतं. जो गेलेलाच नाही, त्याच्या वहीत सगळं असतं. जो गेला, त्याच्या वहीत काहीतरी राहिलेलं असतं. ओढ्याला पाणी होतं म्हणून पलीकडे गेलो नाही, असं लिहिलेलं असतं. आणि काहीतरी फालतू असतं. बांधावर साप दिसला, कोणाची गुरं भातात शिरली. घरबसल्या माणसाला साप दिसत नाही, सुमे."

सोमवारी ऑफिसात गेले ती थेट त्या गिचमिड रजिस्टरकडे. पहिल्यांदा नीट वाचलं. 'समुद्र खवळलेला, लाँच सोडली नाही, नोंद नाही.' पुढच्या सोमवारी पुन्हा तेच. मग, 'मापकाच्या नरसाळ्यात पक्ष्याने घरटं केलं होतं, काढून टाकलं, आकडा भरवशाचा नाही.' मग, 'किनाऱ्यावर चार होड्या, मासे वाळत घातलेले. माचांसाठी झाडं तोडलेली, परवाना एकाकडेही नाही, समज दिली.' मला हसू आलं. पक्षी आहे, होड्या आहेत, परवाना न काढणारे लोक आहेत. हा मनुष्य तिथे गेला होता यात मला शंकाच राहिली नाही.

आता पहिलं, सुंदर रजिस्टर. त्यात फक्त आकडे. मी मोठ्या बेटाच्या कचेरीतल्या पावसाचे आकडे शेजारी मांडले. आठवड्यामागून आठवडे ते जवळजवळ सारखेच होते, कुठे थोडा कमी, कुठे थोडा जास्त, चव बदलण्यापुरता. दोन्ही बेटांमध्ये लाँचने अख्खा दिवस जातो. तिथला पाऊस आणि इथला पाऊस सहा वर्षं हातात हात घालून पडेल कसा?

मी आमचा बॉस डेरेक याच्याकडे गेले. तो जन्माने इथलाच, कमी बोलणारा, आणि वाईट बातमी ऐकताना कॉफी ढवळत राहणारा.

"बनावट आहे?" त्याने विचारलं.

"बेटावर गेलाच नाही तो. कचेरीतला पाऊस थोडा इकडेतिकडे करून लिहिलाय."

"पण योगायोग असू शकतो, असं समोरचा म्हणेल. मला असं काहीतरी दे की ज्यावर वाद घालता येणार नाही."

आठ वर्षांचं शिपयार्ड इथे कामाला आलं. बोट पाण्याबाहेर काढली की कुठे ना कुठे कागद होतोच, तेव्हाही आणि आताही. त्या बेटावर जाऊ शकेल अशी बंदर कचेरीकडे एकच लाँच होती. तिचे दुरुस्तीचे कागद, ही रजिस्टरं जिथून आली त्याच अभिलेखागारात वेगळ्या खोक्यात निघाले. बुडाच्या फळ्या बदलायला लाँच दोन महिने गोदीत वर काढून ठेवली होती. त्या दोन महिन्यांतल्या प्रत्येक सोमवारी आमच्या नियमित कारकुनाने बेटावरचा पाऊस मोजला होता. पोहत गेला असेल तर माहीत नाही.

डेरेकने कागद दोनदा वाचला. कॉफी ढवळणं थांबलं. "रेबेकाला बोलाव," तो म्हणाला. "आणि डायरेक्टरना पण."

डायरेक्टर म्हणजे क्लायंट देशाचे अधिकारी, ज्यांच्या हातात ही केस होती. सभ्य गृहस्थ. पण त्या दिवशी त्यांचा आवाज चढला.

"सहा वर्षांचा पुरावा तुम्ही खोडून टाकताय. तोही आम्ही आधीच दाखल केलेला!"

"तो पुरावा नाहीये, सर. मी त्याच्यावर सही करू शकत नाही."

"समोरच्यांना हे कळलंय का?"

"माहीत नाही. मला कळलं, म्हणजे त्यांच्या एक्स्पर्टलाही कळू शकतं. आणि त्यांना नाही कळलं तरी माझी सही नाही."

त्यांनी खुर्ची पुढे ओढली. मग आवाज खाली आणून म्हणाले, "मॅडम, तो खडक तुम्हाला कागदावर दिसतो. माझे काका तिथे मासे वाळवायचे. आज आमच्या किनाऱ्यावरच्या होड्या तिथे गेल्या की त्यांची गस्ती बोट येऊन हाकलते. ही केस हरलो तर त्या होड्या कायमच्या बंद."

मला त्यांचं खरंच वाईट वाटलं. माझ्या एका सहीवर कोणाच्या तरी चुली अवलंबून आहेत हे ऐकायला बरं वाटत नाही. पण मी दुसरं रजिस्टर त्यांच्यापुढे सरकवलं आणि होड्यांची नोंद दाखवली. 'किनाऱ्यावर चार होड्या, मासे वाळत घातलेले.'

"तुमचे काका नसतील," मी म्हटलं, "पण त्यांच्या आधीचे कोणीतरी असतील. हे त्या सुंदर रजिस्टरमध्ये कुठेच नाही. तिथे फक्त पाऊस आहे, तोही खोटा. इथे सरकारी माणूस येतो, परवाना विचारतो, समज देतो. कारभार तो हाच. पहिलं मागे घ्या, दुसरं दाखल करा. सगळ्या रिकाम्या सोमवारांसकट."

रेबेका म्हणाली, "म्हणजे आपण होऊन चूक कबूल करायची?"

"हो."

डेरेकने कॉफीचा कप बाजूला ठेवला. तो म्हणाला, "रिपोर्टवर सही तिची आहे, नाव माझ्या फर्मचं आहे. ती म्हणते तसंच जाईल." डायरेक्टर उठून खिडकीशी गेले. परत आले तेव्हा चेहरा उतरलेला होता, पण म्हणाले, "ठीक आहे."

रजिस्टर मागे घेत असल्याचं पत्र गेलं. पुढचे काही आठवडे ऑफिसात मला कोणी टोचून बोललं नाही, पण लंचला हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे इथल्या खाऊगल्लीत, माझ्या टेबलावरच्या रिकाम्या खुर्च्या वाढल्या. सुनावणीच्या सकाळी मी रिपोर्ट पुन्हा एकदा चाळत बसले होते. माझा मुलगा कॉलेजला निघाला होता. बूट घालता घालता इथल्या पोरांच्या इंग्रजीत म्हणाला, "आई, जस्ट से व्हॉट यू सॉ, लाह." जेवढं पाहिलंस तेवढंच सांग. अण्णाच बोलल्यासारखं वाटलं. आजोबा-नातवात काय गुपचूप चालतं कोण जाणे.

सुनावणीत आपल्या बाजूचे प्रश्न सौम्य असतात. खरी परीक्षा उलटतपासणीची. समोरच्या देशाचे वकील उंच, गोड आवाजाचे. त्यांनी गिचमिड रजिस्टर उघडलं.

"मॅडम, यात किती सोमवार रिकामे आहेत?"

"बरेच. माझ्या रिपोर्टच्या शेवटी सगळ्यांची यादी दिलीय."

"म्हणजे त्या सगळ्या दिवशी बेटावर तुमच्या क्लायंटचं सरकार हजर नव्हतं?"

"कारकून हजर नव्हता. तो नव्हता हे त्याने स्वतः लिहिलंय. म्हणून तो ज्या दिवशी होता म्हणतो, ते मी खरं मानते."

तिघा लवादांपैकी मधल्या बाईंनी मान वर केली आणि काहीतरी लिहून घेतलं.

वकिलांनी पान उलटलं. "आणि हे पक्ष्याचं घरटं? याला तुम्ही राज्यकारभार म्हणता?"

दालनात हलकंसं हसू पिकलं. मला राग आला, आणि बरं झालं आला.

"ते घरटं काढायला सरकारी लाँच गेली, सरकारी माणूस गेला, आणि आकडा भरवशाचा नाही असं त्याने साहेबाला कळवलं, बोलणी बसणार हे ठाऊक असून. एवढ्याशा बेटावर सरकार म्हणजे तेवढंच असतं, सर. मोठ्या साहेबांपैकी तिथे कोणी पाय ठेवल्याचा कागद दोन्ही बाजूंकडे नाही. कागद आहे तो या एका कारकुनाचा."

त्यांनी रजिस्टर मिटलं. बाहेर कॉफीच्या टेबलाशी तेच माझ्याजवळ आले आणि म्हणाले, "त्या पहिल्या रजिस्टरचं पितळ उघडं पाडायला आम्ही अख्खी सकाळ राखून ठेवली होती. पत्र आलं आणि आमची सकाळ गेली." मी म्हटलं, "सॉरी." मनातून अजिबात सॉरी नव्हते.

निकाल कित्येक महिन्यांनी आला. बेट आमच्या क्लायंटचं. निकालपत्रात एक अख्खा परिच्छेद त्या गिचमिड रजिस्टरवर होता. त्यात म्हटलं होतं की नोंदवहीतल्या रिकाम्या जागांमुळे उरलेल्या नोंदींचं वजन वाढतं. तो परिच्छेद मी तीनदा वाचला आणि मग उगाचच ऑफिसात एक चक्कर मारून आले. अभिमान वाटला, आणि तो लपवायचं मला काही कारण दिसत नाही. संध्याकाळी डायरेक्टरांचा फोन आला. एवढंच म्हणाले, "होड्या बेटावर गेल्या, मॅडम. आज सकाळी गेल्या."

मग अण्णांना फोन केला. सगळं ऐकून घेतलं त्यांनी. मला वाटलं शाबासकी देतील.

"त्या दोघा कारकुनांचं पुढे काय झालं?" त्यांनी विचारलं.

फायलीत तेही होतं. "पहिल्याला बढती मिळाली. दुसऱ्याला नोंदी अपुऱ्या ठेवल्याबद्दल लेखी ताकीद."

अण्णा हसले. बराच वेळ हसले. मग म्हणाले, "मलाही मिळाली होती. ओढ्यापलीकडचे गट कोरे सोडले म्हणून. तुझी आई चिडलेली, सगळे लिहितात तसं तुम्हालाही लिहिता येत नव्हतं का म्हणून. कपाटात असेल ती अजून."

हे मला माहीतच नव्हतं. पुढच्या वेळी गुहागरला गेले तेव्हा ती ताकीद मागून घेतली. पिवळा पडलेला टंकलिखित कागद, खाली तहसीलदारांची सही. फ्रेम करून बुओना व्हिस्टाला माझ्या टेबलावर ठेवलीय.

आता माझ्या प्रत्येक रिपोर्टच्या शेवटी एक पान असतं: मला काय समजलं नाही, कोणता कागद सापडला नाही, कुठे मी पोचू शकले नाही. नवीन क्लायंट हमखास विचारतात, हे पान काढता येईल का, रिपोर्ट अपुरा वाटतो. मी त्यांना फ्रेम दाखवते. मराठी कोणाला वाचता येत नाही, म्हणून मीच सांगते: हे माझ्या वडिलांचं चांगल्या कामाचं प्रशस्तिपत्रक आहे.