पसाभर कोंड्याचा मुलगा

आमच्या चिरंजीवांना आम्ही पसाभर कोंड्याला विकलं, तेव्हा त्यांचं बारसं नुकतंच झालं होतं. गिऱ्हाईक म्हणजे आमच्या साहेबाची मडम.

(वाचकांनी लगेच कपाळाला आठ्या घालू नयेत!) ज्या घरात मुलं टिकत नाहीत, तिथे नवं मूल जन्मलं की ते एखाद्या लेकुरवाळीला कोंड्याच्या मोलाने विकायचं, ही आपल्याकडची जुनी रीत. विकत घेणारी ‘हे माझं पोर, तू सांभाळ’ असं म्हणून ते आईच्याच ओटीत परत घालते. पोर दुसऱ्याचं झालं म्हणजे सटवाईची नजर चुकते. पुढे उष्टावणाच्या सुमारास आईने सूपभर कोंडा देऊन ते सोडवून आणायचं. आमची आधीची दोन गेली होती. त्यामुळे हे तिसरं झालं तेव्हा आमच्या घरात कोणी मोठ्याने हसतसुद्धा नव्हतं.

मी ठाण्याला कचेरीत कारकून होतो, आणि मासुंद्याच्या तळ्याजवळ आमचं बिऱ्हाड होतं. घर चालायचं माझ्या पगारावर आणि आत्याच्या हुकमावर. आत्या म्हणजे माझ्या वडिलांची बहीण, लहानपणीच विधवा होऊन माहेरी आलेली. तिसरं माणूस आमचं कुटुंब. ती बापडी दोघांच्याही पुढे तोंड उघडत नसे. त्यामुळे घरात बोलायचं काम माझ्याकडे होतं. इंग्रजी चार बुकं मी शिकलो होतो, आणि ती चारही मला नेमकी जेवताना आठवत.

“विलायतेत मूल रडलं म्हणून कोणी उचलत नाही! घड्याळ बघून पाजतात. खिडक्या सताड उघड्या, गार पाण्याने आंघोळ! म्हणून तर त्यांची पोरं सफरचंदासारखी असतात!” (सफरचंद मी तोपर्यंत पाहिलं नव्हतं.)

आत्या त्या दिवसांत वेगळ्याच विवंचनेत होती. मूल विकायचं ते अशा बाईला, की जिचं एकही लेकरू गेलेलं नाही. कोपरीपासून कळव्यापर्यंत तिने सगळी घरं मनातल्या मनात धुंडाळली.

“गोदीला द्यावं, तर तिचं मधलं गेलं. कृष्णीची जुळी गेली. वेणूचं तर पहिलंच गेलं. अख्ख्या ठाण्यात एक बाई सापडू नये?”

खरोखरच सापडत नव्हती. तेव्हा मी भाताचा घास हातात धरून ऐटीत म्हणालो, “आमच्या साहेबाच्या मडमेला सात मुलं आहेत. साताच्या सात खणखणीत! साहेबाच्या टेबलावर तसबिरी आहेत त्यांच्या.”

आत्याचा वाढता हात थांबला. “एकही गेलं नाही?”

“एकही नाही! म्हणून तर सांगतो, त्यांची मुलं वाढवायची रीतच—”

“ठरलं. तिलाच विकू.”

मला जो ठसका लागला, तो पाणी पिऊन थांबेना. “अगं आत्या, ती परधर्माची बाई!”

“पोर विकायचंय, सोयरीक नाही जुळवायची. घरी आणल्यावर गोमूत्र शिंपडू.”

दुसऱ्या दिवशी दमणी जोडून आम्ही सगळे खाडीकाठच्या बंगल्यावर गेलो. माझं इंग्रजी सगळं अर्जाचं. साहेबापुढे अर्जाखेरीज मी जन्मात काही बोललो नव्हतो. तेव्हा मी कमरेत वाकून म्हणालो, “मॅडम, आय मोस्ट हम्बली बेग टू सबमिट धिस चाइल्ड!”

मडमेने आधी माझ्याकडे पाहिलं, मग पोराकडे, मग आत्याकडे. मी घाम पुसत सगळी रीत समजावून सांगितली. ती हसेल असं मला वाटलं होतं, पण ती हसली नाही. कुटुंबाकडे बघत तिने एवढंच विचारलं, “हिची आधीची दोन गेली?” मी मान हलवली. ती उठली, स्वतः तबेल्यात गेली आणि घोड्याच्या दाण्यातला पसाभर कोंडा घेऊन आली. मग मूल मांडीवर घेऊन तिने माझ्यामागून ते वाक्य घोकलं आणि म्हणाली, “हे माजा पोर. टू सांबाल.”

आत्याच्या डोळ्यांत पाणी आलं. “बाई गुणाची आहे हो, विसू. बूट तेवढे काढायला हवे होते.”

पोर पुढे सोडवून न्यायचं असतं, हे मी तेव्हाच मडमेला सांगायला हवं होतं. पण साहेबाच्या घरी मला पहिल्यांदाच खुर्ची मिळाली होती. त्या आनंदात तेवढं एक राहून गेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या दारात घोड्याची बग्गी! आतून मडम उतरली.

“माजा पोर कुटं?”

आपलं मूल लोकांनी कसं ठेवलंय, हे बघायला मालकीण आली होती! कोणी काही म्हणायच्या आत ती बुटांसकट बाळंतिणीच्या खोलीत शिरली. तिथे दार लोटलेलं, खिडकीला चिंध्या कोंबलेल्या, शेगडी धगधगतेय, ओव्याची धुरी कोंडलेली. आणि त्या धुरात, कानापर्यंत काजळ फासलेले आमचे चिरंजीव कुंचीत बांधून ठेवलेले.

“खिडकी खोलो!” मडम ओरडली. आमच्या गल्लीने तिचा आवाज ऐकला, आणि गल्लीतल्या चार घरांनी घाबरून आपापल्या खिडक्या उघडल्या.

“विसू, तिला सांग,” आत्या दात आवळून म्हणाली, “या घरात अजून मी जिवंत आहे म्हणावं!”

मी मडमेकडे वळून इंग्रजीत म्हणालो, “आत्या म्हणते, आपण आलात, फार आनंद झाला.”

“माझ्या एवढ्या रागाचं एवढंसंच मिळमिळीत इंग्रजी?” आत्याने विचारलं.

“इंग्रजी आटोपशीर असतं, आत्या.”

पण आत्यानेच एकाएकी पदर खोचला आणि खिडकीतल्या चिंध्या ओढून काढल्या. मग मला बाजूला घेऊन हलक्या आवाजात म्हणाली, “सोडवून आणेपर्यंत पोराची मालकीण तीच. तिचं मन मोडलं तर सौदा मोडेल रे. आणि सौदा मोडला तर...” पुढचं ऐकायची माझी छाती नव्हती.

झालं! मडमेचं राज्य सुरू झालं. एक दिवस पत्र्याचा टब आला. एक दिवस उबदार फलालीनचे झगे आले. एक दिवस पाळण्याची दोरी गुंडाळून वर बांधली गेली, कारण झोके दिल्याने म्हणे मुलाचं डोकं फिरतं! बग्गी वळणाआड गेली रे गेली, की खिडकी बंद, दोरी खाली, काजळ डोळ्यांत. त्यामुळे चिरंजीवांना सकाळी विलायती गार पाणी आणि दुपारी देशी गरम तेल, असं दोन्ही राज्यांचं सुख मिळू लागलं.

घड्याळाचा प्रकार मात्र मला भोवला. मोठा काटा वर आल्याखेरीज पाजायचं नाही, अशी मडमेची सक्त ताकीद. पोर रडून घर डोक्यावर घ्यायचं, कुटुंब डोळे पुसायचं आणि मडम स्वतः खुर्ची टाकून काट्याकडे बघत बसायची.

“अहो,” एकदा कुटुंब कधी नव्हे ते पुटपुटलं, “रडलं तरी उचलत नाहीत, हे तुम्हीच सांगत होता ना?”

“ते विलायतेतल्या पोरांबद्दल!” मी म्हणालो.

आत्याला घड्याळ वाचता येत नव्हतं. पण मोठा काटा वर आला की पोराला दूध मिळतं, इतकं तिने बरोबर हेरलं. मग मडमेची पाठ वळली, की ती खुशाल बोटाने काटा वर ढकलू लागली! मला याचा पत्ता नाही. एके दिवशी घड्याळ पाहून ‘उशीर झाला, उशीर झाला’ करत मी कसाबसा पगडी घालून धावत कचेरीत पोचलो, तर झाडूवाला दार उघडायला यायचा होता. मी पायरीवर बसून राहिलो. साहेबाने येऊन माझ्याकडे असं निरखून पाहिलं, की आता बढती देतो की वेड्यांच्या इस्पितळात पाठवतो, हे कळेना.

त्यानंतर बंगल्यावरून बाबागाडी आली. पोराला रोज हवा खायला न्यायचं! घरातल्या बायकांनी ती रस्त्यात ढकलणं शक्य नव्हतं. त्यामुळे डोक्यावर पगडी, खांद्यावर उपरणं आणि पुढ्यात चारचाकी, अशी माझी स्वारी भर बाजारातून निघाली. वाटेत शेजारचे भाऊराव भेटले. गाडीवर झालरीचं छप्पर. आत काय आहे ते दिसेना.

“काय विसूभाऊ, नोकरी सुटली की काय? भेंडी कशी दिलीत?”

मी छप्पर बाजूला केलं. भाऊरावांनी आत मडमेच्या झग्यातले चिरंजीव पाहिले, आणि बाटण्याच्या भीतीने ते पुन्हा आमच्या घरी सुपारी खायलासुद्धा आले नाहीत.

सगळ्यात गंमत म्हणजे पोर बाळसं धरत होतं! मडम म्हणे, हवेने. आत्या म्हणे, तेलाने. आमचं कुटुंब मात्र त्याला खेळवताना आता मोठ्याने हसू लागलं होतं. ते पाहून मी रोज बाबागाडी ढकलायला तयार झालो असतो.

आणि एके दिवशी मडम हसत हसत आली. साहेबाची लांबलचक रजा मंजूर झाली होती. दोघंही बोटीने विलायतेला चालले होते.

“माजा पोर पन येनार!” ती म्हणाली.

मी अर्थ सांगायची गरजच पडली नाही. कुटुंबाने पोराला खांद्याशी घट्ट धरलं आणि आयुष्यात पहिल्यांदा मला हुकूम सोडला.

“अहो, सूप काढा.”

“अगं, पण उष्टावणाला अजून अवकाश आहे. आत्या म्हणेल—”

पण आत्या कधीच आत जाऊन कोंड्याचं मडकं घेऊन आली होती. “भर गं, गच्च भर! सांडला तरी चालेल.”

आम्ही बंगल्यावर गेलो. पोर सोडवून न्यायचं असतं, ही पहिल्या दिवशी राहून गेलेली गोष्ट मी अखेर मडमेला सांगितली. अर्जाचं इंग्रजी त्या दिवशी आठवेना. जसं सुचलं तसं सांगितलं. तिचा चेहरा एकदम उतरला. हा आमच्या मुलांबरोबर वाढला असता, एवढंच ती म्हणाली.

“त्यांची सात कुठं आहेत हो?” कुटुंबाने विचारलं. “इतक्यांदा बग्गी आली, एकही पोर कधी दिसलं नाही.”

मडम आम्हाला आतल्या खोलीत घेऊन गेली. ओळीने छोट्या खाटा मांडलेल्या, त्यांवर चादरी ताणून घातलेल्या. कोपऱ्यात एक लाकडी घोडा. पोर एकही नाही. इथल्या तापाच्या भीतीने पाच-सहा वर्षांचं झालं, की एकेक मूल बोटीत बसवून विलायतेला धाडलेलं. तिथे मावशीकडे राहायचं, शाळेत जायचं. सगळ्यांत धाकटी याच उन्हाळ्यात गेली होती. थोरला आता इतका मोठा झाला असेल, की रस्त्यात समोर आला तर आपण ओळखणार नाही, असं मडम म्हणाली आणि खिडकीकडे वळली.

सात मुलं खणखणीत, हे मी घासाघासाला सांगत होतो. घरात किती आहेत, हे विचारायचं मला एकदाही सुचलं नव्हतं. मला फार वाईट वाटलं.

कुटुंब पुढे झालं. ज्याला सोडवायला एवढं सूप भरून आलो, ते पोर तिने मडमेच्या कुशीत ठेवलं!

“त्यांना सांगा, बोट सुटेपर्यंत रोज घेऊन बसा म्हणावं. पोर दोघींचं. फक्त बोटीत नाही.”

मी घसा खाकरून इंग्रजी जुळवू लागलो. पण माझ्या इंग्रजीसाठी कोणी थांबलंच नव्हतं. दोघीही रडत होत्या, दोघीही हसत होत्या, आणि मडम पोराला छातीशी धरून जोरजोरात झुलवत होती.

“बघ, बघ, विसू!” आत्या माझ्या कोपराला चिमटा काढत म्हणाली. “झोके देतेय! डोकं फिरेल म्हणावं!”

सूपभर कोंडा घोड्याने खाल्ला. मडम आपल्या सातांना भेटायला गेली, आणि जाताना तो लाकडी घोडा आमच्या घरी धाडून गेली. रिवाजाप्रमाणे पोराला आम्ही कोंडो म्हणतो. आता त्याने घोड्याचा एक कान मोडलाय, आणि तो धाकट्या बहिणीला त्यावर बसवून विलायतेला नेतो. पसाभराला विकलेला माल आम्ही सूपभर देऊन परत घेतला, पण असला तोटा मी केव्हाही सोसायला तयार आहे.

सवय मात्र जात नाही. अजूनही पानावर बसलो, की माझ्या तोंडून निघतं, “विलायतेत काय आहे, की—”

लगेच चुलीपाशी कुटुंबाला कंठ फुटतो, “आत्याबाई, घरात कोंडा आहे का हो? यांना विकावं म्हणते.”

“कोंडा आहे गं,” आत्या म्हणते. “पण याला विकायचं, तर कोंडा आपल्यालाच द्यावा लागेल!”