चढणारा चर्चिल आणि न उतरणारा सिरिल

आमच्या सिरिलला स्टुलावर चढलं तरी गरगरतं. हे मला लग्नाआधीपासून ठाऊक होतं, म्हणजे माझी कुणी फसवणूक केलेली नाही. बेचाळीस साली, युद्धात, इंग्लंडातल्या ल्यूटनच्या टँकच्या कारखान्यात, कँटीनच्या खिडकीचा, शत्रूच्या विमानांना उजेड दिसू नये म्हणून लावलेला ब्लॅकआउटचा पडदा निसटला. हा ऐटीत स्टुलावर चढला, पडदा लावला आणि खाली बघितलं. मग भिंतीला चिकटून उभाच राहिला. मी हात दिला तेव्हा हळूच म्हणाला, "चढायचं काही नाही गं, आयव्ही. उतरताना खाली बघावं लागतं ना."

आणि या माणसाचं काम काय, तर नव्या टँकची चाचणी घेणं.

त्याआधी तो घोडागाडीवरून घरोघर दूध घालायचा आणि मी गवती हॅट शिवायचे. युद्धात हॅट कोण घेतंय? म्हणून मी इथे आले आणि टँकमध्ये त्याच्या शेजारच्या जागेवर बसून इंजिनाच्या तेलाचा दाब टिपायला लागले. टँकचं नाव चर्चिल. नाव मोठं, पण तेव्हा कीर्ती भलतीच. घाईत बनवलेलं ते चाळीस टनांचं धूड वाटेत कुठेही बसकण मारायचं. पबमध्ये सैनिक विचारायचे, "काय, आज किती ढकलले?" सिरिलला ते इतकं लागायचं की समोरचा ग्लास तसाच राहायचा. टँकवर फार जीव त्याचा.

मग सैन्याचे मेजर पेनहॅलो येणार असं ठरलं. चर्चिल लार्कहोलची टेकडी चढतो का, ते त्यांना बघायचं होतं. लार्कहोल म्हणजे खडूच्या पांढऱ्या दगडाचा उभा चढ, तिथे मेंढ्यासुद्धा तिरक्या चरतात. आमचे मुकादम इन्स्किपसाहेब यांनी सिरिलला बाजूला घेतलं आणि आडनावानं हाक मारली.

"फेन्सम, वर न्यायचा आणि खाली आणायचा. तुला उंची सोसत नाही असं कानावर आलंय. खरं असेल तर आत्ता सांग. उद्यापासून रंगखात्यात लाग."

"कोण म्हणतंय, साहेब?" सिरिल म्हणाला. कान मात्र लालभडक. रंगखात्यात गेला तर चर्चिलच्या जवळ येणार तो फक्त ब्रश घेऊन, हे त्यालाही कळत होतं आणि मलाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी निघालो. काय चढला तो टँक! चाकांवरचे लोखंडी पट्टे खडूत रुतायचे, वर उचलले जायचे, पुन्हा रुतायचे, आणि आम्ही दोघं जवळजवळ पाठीवर आडवे. समोर बघायच्या खाचेतून सिरिलला दिसत होतं फक्त आकाश. तो चक्क शीळ घालत होता. मी तेलाचा दाब टिपायचा सोडून हसत सुटले होते.

माथ्यावर त्यानं टँक जागच्या जागी फिरवला. नाक खाली झुकलं आणि खाचेत अख्खं खोरं आलं. तळाशी मेजरसाहेब मुंगीएवढे. शीळ बंद.

"आयव्ही, मला जमायचं नाही," तो म्हणाला. त्याचे हात टँक वळवायच्या दांड्याला चिकटले होते. "रंगखातं तर रंगखातं."

मला खरंच रडू आलं. पण तेवढ्यात ते कँटीनचं स्टूल आठवलं.

"गप. पुन्हा फिरव. आकाशाकडे तोंड कर आणि आलास तसाच मागे मागे जा."

"मागचं मला कुठे दिसतंय?"

"मला दिसेल ना. तू आकाश बघ."

मी वरच्या तोफेच्या मनोऱ्यात शिरले, झाकण उघडून कमरेपर्यंत बाहेर आले आणि टँकमधल्या फोनवरून त्याच्या कानात सांगत सुटले. डावीकडे. थोडं अजून. सरळ. सशाचं बीळ आहे, उजवीकडे घे. टँक गोगलगायीच्या चालीनं मागे सरकत होता. माझ्या डोक्याचा रुमाल उडाला, मेंढ्या पळाल्या, आणि अर्ध्यावर आल्यावर सिरिलची शीळ पुन्हा कानात वाजली. मग मला हसू आवरेना. मी हसत हसत 'डावीकडे' म्हणायचे आणि तो हसत हसत उजवीकडे जायचा.

तळाशी मेजरसाहेब वहीत भराभरा लिहीत होते. "वा, फेन्सम! माथ्यावर शत्रू आहे असं धरून माघार घेतलीत. समोरचं जाड चिलखत सतत त्याच्याकडे. हे सुचलं कुणाला?"

सिरिलला खोटं बोलता येत नाही. त्यानं तोंड उघडलं, "साहेब, खरं म्हणजे मला..." आणि इन्स्किपसाहेबांनी त्याच्या पायावर बूट ठेवला. "त्याला सांगायचा संकोच वाटतो, सर," ते म्हणाले. मेजर गेल्यावर सिरिलकडे बघून म्हणाले, "तुझी भीती आता सरकारी वहीत आहे, बाबा. खोडणार कोण?" रंगखात्याचा विषय पुन्हा निघाला नाही.

पुढच्या वर्षी आफ्रिकेतल्या लढाईत, ट्युनिशियातल्या डोंगरांवर चर्चिल चढले. टँक येणारच नाही असं जिथे सगळे धरून चालले होते, तिथे चढले. पबमधलं चिडवणं थांबलं. सिरिलनं दोन्ही ग्लास संपवले, त्यातला एक माझा.

त्या गोष्टीला आता तीस वर्षं झाली. आमच्या घराचा जिना तेरा पायऱ्यांचा. सिरिल तो अजून उलटा उतरतो, तोंड वर, मी त्याच्या मागे दोन पायऱ्या खाली. "डावीकडे. आणखी चार. आणखी तीन." परवा माझे गुडघे फार दुखत होते, म्हणून मी चिडून म्हटलं, "तेरा पायऱ्या तुला मोजता येत नाहीत का रे?"

"येतात की," तो वर बघतच म्हणाला. "सांगणारं कुणी खाली आहे ना, ते बघतो."