आंदणात गेलेला कॉम्प्युटर

“मंग इवायाले बोलाव ना,” रोशनीच्या सासू अंजनाबाई व्याह्यांबद्दल म्हणाल्या. “येऊ दे त्याईले, पाहू दे आपल्या डोयानं. चार लोकाईत शोभा झाली, ते काय आमीच सोसाची?”

रोशनी चहाचे कप ट्रेमध्ये गोळा करत होती. पाहुणे चहा टाकून उठले होते, त्यामुळे बहुतेक कप अर्धे भरलेलेच. टेबलावर कॉम्प्युटर काळा पडून होता आणि त्याच्यासमोर बैठकीतल्या सगळ्या खुर्च्या अजून ओळीने मांडलेल्या होत्या.

ती म्हणाली, तो बिघडलेला नाही. त्याच्यातल्या सिस्टीमची मुदत संपली आहे.

“मुदत दवाईले राह्यते,” अंजनाबाई म्हणाल्या. “कॉम्प्युटरले कायची मुदत?”

रोशनीचा नवरा नागसेन कूलरसमोर बसला होता. गडचांदूरच्या सिमेंट कारखान्यात तो वजनकाट्यावर कामाला होता आणि घरातल्या भांडणात आपण कोणाचीच बाजू घेत नाही, अशी त्याची प्रामाणिक समजूत होती. आता तो म्हणाला की वस्तू द्यायची तर तपासून द्यावी, एवढंच आईचं म्हणणं आहे, त्यात राग येण्यासारखं काय आहे. धाकटा दीर निकेश म्हणाला की त्याच्या मित्राकडे साधं, जुनं विंडोज एक्सपी आहे, ते कधी असं बंद पडत नाही.

हे ऐकून रोशनीने कप जरा जोरातच ट्रेमध्ये ठेवला. लग्नाच्या आदल्या पावसाळ्यापर्यंत या कॉम्प्युटरवर साधं एक्सपीच होतं. तिनेच टाकलेलं. ते काढून दुसरं टाकलं तेही तिनेच, आणि ते कसं टाकलं हे या घरात अजून कोणी विचारलं नव्हतं.

ती गोंडपिपरीची. वडील रामाजी दुर्गे आश्रमशाळेत स्वयंपाकी. बारावीनंतर रोशनी कृषी केंद्राच्या माडीवरच्या कॉम्प्युटर क्लासला गेली आणि पुढे तिथेच शिकवू लागली. स्वतःचा कॉम्प्युटर तिने चंद्रपूरहून एकेक भाग आणून जोडला. मॉनिटरचं खोकं एसटीत मांडीवर घेऊन आली, तेव्हा मांड्या दोन दिवस दुखत होत्या. घरात त्याला जागा नव्हती, म्हणून रामाजींनी तांदळाची कोठी उचलून पडवीत नेली. उंदीर लागतील म्हणून आई कुरकुरली. रामाजी म्हणाले, लागू दे.

दोन हजार सहाच्या पावसाळ्यात नवीन विंडोज येणार असं सगळीकडे बोललं जाऊ लागलं. बाजारात आणण्याआधी कंपनीने त्याची चाचणीची प्रत लोकांना वापरायला दिली होती. रिलीज कँडिडेट म्हणत तिला. फुकट घ्यायची, वापरायची, काय चुकतं ते कळवायचं, आणि पुढच्या उन्हाळ्यात ती आपोआप बंद होणार, असा सरळ करार होता. क्लासच्या मालकाने हे नवीन विंडोज पाहून यायला नागपूरला दोघांना पाठवलं. दोघेही रोशनीच्या हाताखाली शिकलेले. तिने मला का नाही असं विचारलं, तर तो म्हणाला, तुझं आता लग्न होणार, तुले काय कराचं ते पाहून.

मग तिने ठरवलं की आपण ते सगळ्यांच्या आधी पाहायचं.

एका कॉम्प्युटरच्या मासिकासोबत त्याची डीव्हीडी येणार होती. चंद्रपूरच्या बसस्टँडवरच्या स्टॉलवर ती दर रविवारी जाऊन विचारू लागली. अंक आला तेव्हा कोणीतरी प्लास्टिक फाडून आतली डीव्हीडी काढून नेलेली होती. दुसरा मागवला, तर त्यातल्या डीव्हीडीला मधोमध तडा गेलेला. स्टॉलवाल्याला शेवटी तिची दया आली आणि त्याने पुढचं पाकीट गल्ल्याखाली तिच्यासाठी जपून ठेवलं.

ते कॉम्प्युटरवर टाकायचं कधी, हे लोडशेडिंगच्या वेळापत्रकावर ठरलं. वीज आल्यापासून जाईपर्यंतच्या अवधीत काम उरकायचं होतं. शेजारी पिठाची चक्की होती आणि ती सुरू झाली की यांच्याकडचे दिवे मिणमिणत. रामाजींना विंडोज म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं. पण मधेच दाब उतरला तर पोरीची मेहनत जाईल, एवढं त्यांना कळलं होतं. ते चक्कीच्या दारात जाऊन उभे राहिले. पोरीचं होईस्तोवर चक्की लावू नका, म्हणाले. दळण घेऊन आलेल्या बायांना त्यांनी स्वतः हात जोडले. आतून रोशनीने झालं म्हणून हाक मारली तेव्हाच ते दारातून हलले.

नवीन विंडोजमध्ये आवाज येत नव्हता. रोशनीने शब्दकोश समोर ठेवून इंग्रजीत तसं लिहिलं आणि सायबर कॅफेतून पाठवलं. उत्तर आलं, आभार मानणारं. ते माणसाने लिहिलेलं नाही हे तिला समजत होतं. तरी काय चुकतं ते सांग, असं तिला कोणीतरी विचारलं होतं, आणि तिने सांगितलं होतं. पुढे तिनेच आवाजाची खटपटही जमवली.

फेब्रुवारीत लग्न झालं. मांडवात एका बाजूला आंदण मांडलेलं होतं. आलमारी, दिवाण, कूलर, मामा-मावश्यांची नावं घातलेली भांडी. कॉम्प्युटर त्यात नव्हता. तो चादरीत गुंडाळून टेम्पोजवळ ठेवला होता, कारण तो रोशनीचा होता आणि तिच्या कपड्यांच्या पेटीसारखा तिच्यासोबत जायचा होता. पण आंदणाची यादी वाचणाऱ्या झिंगू माइकवाल्याला ती संपल्यावरही थांबवेना. क्लासच्या कोणा पोराने त्याच्या कानात काही सांगितलं असावं. झिंगूने जाहीर करून टाकलं की मुलीच्या वडिलांकडून कॉम्प्युटर, आणि त्याच्यात बाजारात यायच्या आधीचं विंडोज. नवऱ्याकडच्या मंडळींनी टाळ्या वाजवल्या. स्टेजवर पांढऱ्या साडीत बसलेल्या रोशनीला वाटलं, जाऊ दे, जाणार तर एकाच घरात आहे.

गडचांदूरला कॉम्प्युटर बैठकीत ठेवला गेला. अंजनाबाईंनी त्याच्यावर विणलेलं झाकण घातलं. गल्लीतल्या बायांना बोलावून त्या दाखवत, हे बाजारात भेटत नाई, आमच्या इवायानं देल्लं. निकेश त्यावर दिवसभर गेममधल्या गाड्या पळवायचा. रोशनीला तो मिळायचा भांडी झाल्यावर आणि निकेश बाहेर असला तर.

तिने पहिल्याच आठवड्यात नागसेनला सांगितलं होतं की उन्हाळ्यात ही सिस्टीम बंद होईल. तो म्हणाला, पाहू तवा. एप्रिलमध्ये जेवताना तिने सगळ्यांना सांगितलं. निकेश हसला आणि अंजनाबाईंनी भाजी वाढायला सांगितली. मे महिन्यात पडद्याच्या कोपऱ्यात इंग्रजीतून सूचना येऊ लागल्या. त्या आपल्या गाडीवर येतात म्हणून निकेश दर वेळी त्या पुसून टाकायचा.

जून लागला आणि सुरू केल्यापासून दोन तास झाले की कॉम्प्युटर बंद पडू लागला. पुन्हा लावला की पुन्हा दोन तास. या घराने आधी लोडशेडिंगला दोष दिला. मग यूपीएसला. मग गडचांदूरच्या धुळीला. निकेशने डबा उघडून रंगाच्या ब्रशने आतली धूळ झटकली. चार महिने घरातली सून जे सांगत होती त्याची आठवण कोणालाच झाली नाही. ती म्हणाली, माझ्याकडे एक्सपीची सीडी आहे, सगळं पुसून ते परत टाकते, अर्ध्या दिवसाचं काम आहे. त्यावर अंजनाबाई म्हणाल्या, नवीन काढून जुनं टाकतेस काय, गल्लीत सांगू काय मी.

आणि आज रविवारी त्यांनी आरमोरीहून आलेल्या बहिणीला आणि गल्लीतल्या बायांना लग्नाची सीडी पाहायला बोलावलं.

रोशनीने निकेशला विनवलं होतं की पाहुणे यायच्या आत एकदा बंद करून सुरू करा, म्हणजे मधे खंड पडणार नाही. तो म्हणाला, थांबा वहिनी, हा डाव होऊ द्या. डाव चालला पाहुण्यांनी चपला काढेपर्यंत. मग त्याने तशीच सीडी घातली.

रोशनी चहाचा ट्रे घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. सीडी आल्यापासून तिने ती धड बसून पाहिली नव्हती. पडद्यावर आंदणाचा भाग आला. झिंगू माइकवर बोलत होता, टाळ्या वाजत होत्या आणि त्या गर्दीत मागून तिचे बाबा आले. नवा पांढरा शर्ट, खांद्यावर दुपट्टा. त्यांनी झिंगूची बाही ओढली. टेम्पोकडे हात केला आणि तोच हात नाही नाही असा हलवला. मग स्टेजकडे, तिच्याकडे बोट दाखवलं. झिंगूने माइकवर तळहात ठेवला आणि हसला. तेवढ्यात अंजनाबाई पुढे आल्या. त्याही हसतच होत्या. त्या रामाजींना काहीतरी म्हणाल्या. रामाजींनी दोन्ही हात जोडले, चक्कीच्या दारात जोडले होते तसेच, आणि ते मागे सरून पडद्याबाहेर गेले.

बैठकीत अंजनाबाई पडद्याकडेच पाहत होत्या. त्या एकदम म्हणाल्या, चहा दे ना वं सगळ्याईले.

सगळ्यांच्या हातात कप गेले असतील नसतील, तोच पडदा काळा झाला. निकेश गोंधळून भलतीच बटणं दाबत राहिला. आरमोरीची मावशी म्हणाली, “इवायानं मोठाच माल देल्ला बाई, दोन घंट्याचा.” बाया हसल्या. मग कोणाला स्वयंपाक आठवला, कोणाला बस. मावशीही त्यांच्यासोबतच निघाली.

ती गल्लीच्या टोकाला पोचली नसेल, तोवर इकडे सुरुवात झाली होती. तुझ्या बापाने आम्हाला फसवलं. नवीन म्हणून जुनं गळ्यात मारलं. आता एकतर दुसरा नवा कॉम्प्युटर आणून द्यावा नाहीतर हा उचलून न्यावा, आणि तोही चार बायांसमोर. अंजनाबाईंनी नागसेनचा मोबाइल हातात घेतला, त्याच्यापुढे धरला आणि म्हणाल्या, लाव गोंडपिपरीले. नागसेन नंबर शोधू लागला.

त्याचा अंगठा मोबाइलवर फिरताना रोशनी पाहत राहिली. आश्रमशाळेत रामाजींना शोधत कोणीतरी मोबाइल घेऊन येईल. भाऊ, पोरीच्या घरून फोन आहे. हात पुसत ते घेतील. इवाईणबाई ओरडतील आणि ते ऐकून घेतील, कारण मुलीचा बाप. मग उद्याच्या पहिल्या बसने येतील, या खुर्च्यांपुढे उभे राहतील आणि जे त्यांनी दिलंच नव्हतं त्याबद्दल माफी मागतील. मांडवात खरं बोलायला एकदा पुढे आले होते तेवढे आले. दुसऱ्यांदा बोलणार नाहीत.

तिने ट्रे खाली ठेवला.

“आई, मांडवात बाबा तुमाले काय म्हनत होते?”

अंजनाबाईंनी विचारलं, कोण्या मांडवात.

“सीडी आतच आहे. परत लावू का?”

निकेश मान खाली घालून बसला. नागसेनने आईकडे पाहिलं. कूलरमधलं पाणी संपत आलं होतं आणि त्याचा पंखा खडखडत होता.

“म्हनत होते, पोरीचा आहे, आंदनाचा नाई,” शेवटी अंजनाबाई म्हणाल्या. “मी म्हटलं, आता माइकवर बोलून झालं इवाई. आता नाई म्हनसान त तुमचीच शोभा होईन. काय चुकीचं म्हटलं? लोक टाया वाजवून राह्यले होते.” त्यांनी पदर नीट केला. “आन् पोरगी आमच्या घरची झाली, त कॉम्प्युटर बी आमचाच झाला का नाई?”

म्हणजे यांना माहीत होतं. झाकण विणताना माहीत होतं. आमच्या इवायानं देल्लं असं गल्लीला सांगताना माहीत होतं आणि आता मोबाइल हातात घेतानाही माहीत होतं. चांगला चालत होता तोपर्यंत कॉम्प्युटर घराचा, बंद पडला की तिच्या बापाचा. तिचा तो मधल्या एका दिवशीही नव्हता.

नागसेन म्हणाला, जाऊ दे ना आता, झालं ते झालं, बाबांना एकदा येऊन जाऊ दे म्हणजे आईचंही समाधान होईल. रोशनीने त्याच्या हातातून मोबाइल घेतला, बंद केला आणि टीव्हीवर ठेवला. मग टेबलाजवळ जाऊन तिने विणलेलं झाकण उचललं, त्याची घडी केली आणि अंजनाबाईंच्या हातात दिली.

“उद्या सकाळी मी हा कॉम्प्युटर पुरा पुसून राह्यली,” ती म्हणाली. “त्याच्यात जुनं एक्सपी टाकीन. गेम, गाने, फोटो, ज्याचं जे असन ते त्यानं आज काढून घ्याव. उद्यापासून तो आमच्या खोलीत राहीन, आन् बाबा येनार नाईत.”