पत्रकावरचा माझा फोटो

मला राग लवकर येतो, हे आमच्या लॅबमध्ये नव्याने येणाऱ्या प्रत्येकाला पहिल्याच आठवड्यात सांगितलं जातं. इन्क्युबेटरचं दार उघडं ठेवू नका आणि न केलेला प्रयोग केला म्हणू नका, बाकी मॅडमना सगळं चालतं. त्या मंगळवारी आलेला राग मात्र या जातीचा नव्हता.

गेटवरून वॉचमनचा फोन आला. "मॅडम, एक बाई आल्यात. अपॉइंटमेंट नाही. पण तुमचा फोटो घेऊन आल्यात."

मी खाली गेले. पन्नाशीची बाई होती. लोणी काळभोरहून दोन बस बदलून आलेली. तिथल्या एका कॉलेजच्या मेसमध्ये ती पोळ्या करायची. तिच्या हातात एक गुळगुळीत रंगीत पत्रक होतं आणि त्यावर खरंच माझा फोटो होता, पांढरा कोट घातलेला. खाली माझं नाव आणि पद. त्याखाली अवतरणचिन्हांत एक वाक्य: 'स्टेम सेल म्हणजे कर्करोगावरचं उद्याचं उत्तर.' आणि सगळ्यात खाली कात्रजच्या बाजूच्या एका क्लिनिकचा पत्ता.

"म्याडम, ह्या तुमीच ना?" तिने विचारलं. "माझ्या धाकट्या बहिनीला छातीची गाठ हाय. शाळेत मास्तरीन हाय ती. तुमचं वाचलं म्हनून केमो सोडली आन हितं इंजेक्शनं घेतली. सा झाली. गाठ तर वाढतीच हाय. म्हनलं, ज्यांचं औषध हाय त्यांनाच इचारावं."

माझं औषध. माझ्याकडे औषध नाही, कधीच नव्हतं. माझ्याकडे आहे तो एक प्रश्न.

तो प्रश्न मला सहज मिळाला नाही. मी येरवड्यात दोन खोल्यांत वाढले. बाबा सरकारी छापखान्यात पुस्तकं बांधायचे. दर रविवारी विहारातून परत येताना ते एकच सांगायचे, कुणी मोठा माणूस म्हणाला म्हणून मानू नकोस, तपासून बघ. पीएचडीला लागले तेव्हा गाइड सरांनी मला वर्षभर काचेची भांडी धुवायला लावली. माझ्याबरोबर आलेल्या मुलाला पहिल्याच आठवड्यात सूक्ष्मदर्शक मिळाला. मी विचारलं तर सर हसून म्हणाले, "तुमचं काय, तुम्हाला कुठेही नोकरी मिळेल." त्यातलं 'तुमचं' म्हणजे कुणाचं, हे मला कुणी समजावून सांगावं लागलं नाही.

भांडी धुताना मी एक पाहिलं. औषध घालून मारलेल्या कर्करोगाच्या पेशींच्या बशा माझ्याकडे धुवायला येत. एकदा मी एक बशी न धुता ठेवून दिली. ताजं पोषकद्रव घातलं आणि वाट पाहिली. तीन आठवड्यांनी मेलेल्या पेशींच्या पसाऱ्यात एक लहानसा जिवंत पुंजका दिसला. सगळ्या मेल्या नव्हत्या. काही झोपल्या होत्या. पुढची पंचवीस वर्षं त्या झोपलेल्या पेशींच्या मागे गेली. त्या औषधातून कशा वाचतात, पुन्हा जाग्या कशा होतात, गाठ नव्याने कशी उभी करतात. त्यांना आम्ही कर्करोगाच्या स्टेम सेल म्हणतो. याच कामावर मला मान मिळाला, परदेशात बोलावणी आली, स्वतःची लॅब मिळाली.

लोणीच्या बाईंना मी कॅन्टीनमध्ये बसवलं आणि हे सगळं सांगायचा प्रयत्न केला.

"शेतात हराळी असते ना?" मी म्हटलं. "वरून कापली तरी मुळी राहते. पुन्हा फुटते. माझं काम त्या मुळीवर आहे. ती अजून मला उपटता येत नाही."

बाईंनी पत्रकावर बोट ठेवलं. "मंग ह्यांनी बहिनीला हराळीची मुळीच टोचली का काय?"

"नाही. ते म्हणतात, पोटाच्या चरबीतून काढलेल्या वेगळ्या, निरोगी स्टेम सेल टोचतो. पण खरं काय टोचलं ते मला माहीत नाही."

"तुमाला बी म्हाईत न्हाई?"

"नाही."

पत्रकाची घडी घालून त्यांनी ते पिशवीत ठेवलं. ओरडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

कारण ते अवतरणचिन्हांतलं वाक्य मी ओळखलं होतं. आठ वर्षांपूर्वी एका वर्तमानपत्राने माझी मुलाखत घेतली होती. मी म्हणाले होते, कर्करोगाच्या स्टेम सेल नेमक्या ओळखता आल्या, तर कदाचित उद्या उत्तर सापडेल. छापून आलं ते तेवढं सुटसुटीत वाक्य. 'तर' गेलं, 'कदाचित' गेलं. मी सकाळी वाचलं आणि चरकले. पण दुपारपर्यंत आईने शेजारीपाजारी अंक वाटले होते, संचालकांनी कात्रण नोटीस बोर्डावर लावलं होतं, आणि फोन थांबत नव्हते. दुरुस्ती पाठवायला चार ओळी लागल्या असत्या. मी पाठवली नाही. मला ते आवडलं होतं. लॅबमधल्या मुलांनी आलेखातला एक ठिपका सरकवला तर मी त्यांना रडेपर्यंत बोलते, आणि स्वतःचं अख्खं वाक्य सरकलेलं मी खपवून घेतलं.

दुसऱ्या दिवशी त्या क्लिनिकमध्ये गेले. थंडगार खोली, काचेचं टेबल, भिंतीवर चौकटीत तेच कात्रण. डॉक्टर उठून उभे राहिले.

"मॅडम, आपण! बसा ना. चहा सांगू?"

"सिरिंजमध्ये काय असतं?" मी उभ्यानेच विचारलं.

"आमची स्वतःची पद्धत आहे. सगळं सांगता येत नाही."

"तपासणी कुठे करता? पेशी जिवंत आहेत की नाहीत, हे तरी बघता का?"

"अहो, पेशंट स्वतःहून येतात. संमतीपत्रावर सही करतात. आम्ही कुणाला केमो सोडा म्हणत नाही." मग ते हसले. "आणि उत्तर स्टेम सेलमध्ये आहे, हे आपणच म्हणालात. आम्ही फक्त लोकांपर्यंत पोहोचवलं."

मी ती चौकट भिंतीवरून काढली आणि काखेत मारली. स्वागतिका म्हणाली, "मॅडम, ती आमची आहे." मी म्हटलं, "फोटो माझा आहे. काच हवी तर पाठवून देते." रिक्षात ती चौकट मांडीवर घेऊन बसले.

संचालकांना सांगितलं. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "आपला संताप समजू शकतो. पण संस्थेचं नाव यात यायला नको. शास्त्रज्ञाने शास्त्र करावं."

"नाव आलेलंच आहे, सर. पत्रकावर आहे. माझ्या नावाखालीच."

"वकिलांना विचारू," ते म्हणाले. आमच्याकडे वकिलांना विचारू म्हणजे विसरा.

मी विसरले नाही. वैद्यकीय परिषदेकडे स्वतःच्या नावाने तक्रार केली. त्या वर्तमानपत्राला पत्र लिहिलं, की आठ वर्षांपूर्वीचं माझं विधान चुकीचं छापलं गेलं, ते मी वेळेवर दुरुस्त केलं नाही, आणि कर्करोगासाठी विकली जाणारी ही इंजेक्शनं सिद्ध झालेला उपचार नाहीत. मुलाखत अर्ध्या पानाची होती. पत्र छापलं गेलं ते साड्यांच्या सेलच्या जाहिरातीखाली, बोटभर.

बाईंच्या धाकट्या बहिणीला घेऊन मी ओळखीच्या कर्करोगतज्ज्ञांकडे गेले. चाळिशीची, केस पुन्हा वाढू लागलेली, स्वच्छ बोलणारी बाई. तिने आपल्या फायलीत प्रत्येक इंजेक्शनची नोंद शिक्षिकेच्या अक्षरात करून ठेवली होती. तज्ज्ञ फाइल चाळून भडकले. "सुशिक्षित आहात ना? चालू उपचार असे सोडतात?"

"त्यांना बोलू नका," मी म्हटलं. "त्यांनी एका शास्त्रज्ञावर विश्वास ठेवला. मला बोला."

त्यांनी नवे स्कॅन लिहून दिले. मधल्या काळात गाठ थांबलेली नव्हती, यकृतापर्यंत गेली होती. केमो पुन्हा सुरू झाली. दर खेपेला मी जायचे, औषध चढत असताना बसायचे. एकदा तिने मला विचारलं, "मॅडम, वेळेवर घेतली असती तर बरी झाले असते?"

"शक्यता बरीच चांगली होती," मी म्हटलं. खोटं बोलायला जीभ वळली नाही. तिने मान हलवली आणि खिडकीकडे तोंड करून झोपली. ते उत्तर द्यायला हवं होतं की नाही, हे मला आजही ठरवता आलेलं नाही.

परिषदेपुढे सुनावणी झाली तेव्हा मोठी बहीण साक्षीला आली. क्लिनिकच्या डॉक्टरांच्या वकिलाने तिला गोड आवाजात विचारलं, "आजी, स्टेम सेल म्हणजे काय, माहीत आहे का तुम्हाला?"

"मला न्हाई म्हाईत," ती म्हणाली. "मी पोळ्या करते. पर सुई ह्यांनी टोचली. ह्यांना तरी म्हाईत हाय का, ते इचारा की."

डॉक्टरांची नोंदणी काही महिन्यांसाठी निलंबित झाली. काही महिने! आमच्या लॅबमध्ये बशी चोरणाऱ्याला याहून मोठी शिक्षा होईल.

धाकटी बहीण पुढच्या उन्हाळ्यात गेली. मी लोणीला गेले. शाळेतल्या मुली रांगेने आल्या होत्या. मोठीने मला पाणी दिलं, शेजारी बसवलं, आणि आलेल्या प्रत्येकाला सांगत राहिली, "ह्या लई झगडल्या." मला ते सहन होईना. माझ्याच न दुरुस्त केलेल्या वाक्यापायी मी झगडले, ते तिला ठाऊक होतं. तरी ती तेवढंच सांगत होती.

गेल्या महिन्यात वर्तमानपत्राच्या घडीतून पुन्हा एक पत्रक पडलं. नवं नाव, नवा पत्ता, डॉक्टर तेच. आता गुडघे, केस आणि 'सर्व जुनाट आजार.' फोटो कुण्या गोऱ्या बाईचा. मी त्यावरचा नंबर लावला. एका मुलीने लगबगीने विचारलं, "कोण बोलतंय? कुठला आजार आहे?"

मी माझं पूर्ण नाव सांगितलं. पलीकडे कुजबुज झाली आणि फोन कट झाला. मी पुन्हा लावला.