मोरचूद वाडीबाहेर

माकुणसारला पानवेलीच्या वाडीत पायात चप्पल घालून कोणी शिरत नसे. चपला फाटकाशी काढायच्या, मगच वेलींत पाय. जयवंती लग्न होऊन आल्या दिवसापासून हा नियम पाळत आली. वाडीतले बाकीचे नियम मात्र तिला एकेक करून खटकत गेले.

नवरा गेल्यावर वाडीची दक्षिणेकडची बाजू ती सांभाळायची, उत्तरेकडची तिचा धाकटा दीर महादू. चैत्रात वेल उतरवायचा, म्हणजे आधाराच्या झाडावरून खाली घेऊन त्याचं वेटोळं बुडाशी मातीत पुरायचं. तिथून नवी मुळं फुटत. पुरण्याआधी वेटोळ्यावर मोरचूद आणि चुन्याचं जंतू मारणारं निळं पाणी ओतायचं, हे सासऱ्यांच्या वेळेपासून ठरलेलं. तरीही तीन पावसाळे वेलींची बुडं काळी पडून सडत होती. सकाळी हिरवागार दिसलेला वेल दोन दिवसांत मान टाकायचा.

"कोणीतरी विटाळ केला वाडीत," महादू एकदा तिच्याकडे न बघता म्हणाला.

"माझा विटाळ जाऊन चार वर्षं झाली, भावजी. दुसरं कारण शोधा."

कारण तीच शोधत होती. विहिरीकडच्या कोपऱ्यातल्या सहा वेली कधीच सडल्या नव्हत्या. गंमत अशी, की त्यांना निळं पाणी मिळतच नसे. तिथवर पोचेपर्यंत डबा रिकामा झालेला असायचा.

१९९१च्या दिवाळीत तिची भाची पुष्पलता आली. बहिणीची ही मुलगी बोईसरला खोली घेऊन राहायची आणि कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकायची. जाताना तिने त्या सहा वेलींच्या मुळांची माती पिशवीत भरून नेली. महिन्याभराने तिने मावशीला प्रयोगशाळेच्या अंधाऱ्या खोलीत नेलं. जांभळ्या दिव्याखाली काचेची एक बशी हिरवट उजेडाने चमकत होती.

"हे माझ्या वाडीतलं?"

"तुझ्याच वेलीच्या मुळावरचे जीवाणू, मावशी. ते मुळांची वाढ करतात. शिवाय वेल सडवणाऱ्या बुरशीला लागणारं लोह आधीच ओढून घेतात. बुरशी उपाशी राहते."

"म्हणजे पंगतीत आधी जाऊन बसणारे."

"अगदी तसेच," पुष्पलता हसली.

त्या चैत्रात पुष्पलताने जीवाणूंची भुकटी करून दिली. जयवंतीने ती शेणखतात कालवून वेटोळ्यांना लावली आणि वरून निळं पाणीही ओतलं. निळ्या पाण्यावाचून वेल पुरायचा, हे तिच्या हातांना माहीतच नव्हतं. दोन औषधं म्हणजे दुप्पट गुण, असं तिला वाटलं. श्रावणापर्यंत तिची निम्मी बाजू सडून बसली.

"आमी जंतू मारतो आणि ही पेरते!" महादू गावभर सांगत फिरला.

पुष्पलता धावत आली. सगळं ऐकून तिने कपाळावर हात मारला. "मावशी, मोरचुदाने तेच आधी मेले गं. मीच सांगायला हवं होतं."

जयवंती त्या दिवशी जेवली नाही. दुसऱ्या दिवशी मात्र तिने विहिरीकडची ती सहा वेटोळी पुन्हा निरखली आणि ठरवून टाकलं.

पुढच्या चैत्रात महादू निळ्या पाण्याचे डबे आणि झिपरू, गोमा हे दोन गडी घेऊन आला. जयवंती दोन्ही बाजूंच्या मधल्या वाटेवर उभी होती.

"सरका, वहिनी."

"माझ्या बाजूला एक थेंब पडायचा नाय."

"तुमची सडली की कीड माझ्याकडं येणार. ऐका, या पावसात तुमची बाजू बसली तर सगळी वाडी मी बघणार. तुमी घरात बसायचं."

"बसेन. आणि उभी राहिली तर?"

महादूने गड्यांना पुढे व्हायची खूण केली. झिपरूने डबा खाली ठेवला. "बाय नाय म्हणते, तर मी नाय ओतणार."

"तू कोणाचा गडी रे?"

"ज्याची वाडी त्याचा. तिच्या बाजूला तिचा."

जयवंतीने शेणखताचा ढीग सावलीत पंधरा दिवस ओल्या पोत्यांखाली मुरवला होता. पुष्पलताने पुन्हा दिलेल्या भुकटीतले जीवाणू त्यात वाढले होते. तिने एकेक वेटोळं त्या काल्यात बुडवलं आणि पुरलं. निळा रंग कुठे नव्हता.

आषाढात पहिला वेल काळा पडला. तो उपटून तिने वाडीबाहेर नेऊन जाळला. मग दुसरा.

"तीन!" महादू पलीकडून ओरडला.

"डोळे चांगले हायत तुमचे, भावजी. आपल्याकडंही बघा."

मोजणी नवापर्यंत गेली. दहावा वेल सडला नाही. पुढे पलीकडून आवाजच येईना, कारण महादूची उत्तर बाजू ओळीने माना टाकत होती. दसऱ्याला जयवंतीच्या बाजूची पानं तळहाताएवढी झाली होती. घरात बसायची गोष्ट कोणी काढली नाही.

चैत्र आला तेव्हा महादू फाटकाशी उभा होता. त्याने चपला काढल्या. हातात निळ्या पाण्याचा डबा होताच.

"ते तुमचं शेणखत... थोडं मलाही द्या."

"देते. डबा चपलांशेजारी ठेवा."

त्याने डब्याकडे पाहिलं. "सवय हाय, वहिनी."

"मलाही होती," जयवंती म्हणाली. डबा जमिनीला टेकेपर्यंत ती फाटकातून हलली नाही.