चाळीस फ्रॉकांचे खिसे

निजामपुऱ्यात आमच्या शाळेचे गणवेश शिवणारे एक शिंपी होते. मी त्यांना मास्टर म्हणायचो आणि ते मला सर. टाचण्या तोंडात धरूनच ते बोलत, त्यामुळे त्यांचं बोलणं ओठांच्या एका कोपऱ्यातून यायचं. दुकानात आलेल्या माणसाचा चेहरा बघण्याआधी ते त्याच्या शर्टाची शिवण बघून घेत.

त्या वर्षी बर्मा सोडून बांगलादेशातल्या छावण्यांत राहणाऱ्या रोहिंग्यांसाठी मोहल्ल्यात कपडे जमवणं चाललं होतं. मुंबईची एक संस्था ते पाठवणार होती. यंत्रमाग चालवणाऱ्या लूमवाल्यांनी कापड दिलं आणि मास्टरांनी लहान मुलींचे चाळीस फ्रॉक फुकट शिवायला घेतले. न्यायला टेम्पो आला, तेव्हा सहा फ्रॉकांना खिसे लावायचे राहिले होते.

"राहू द्या ना," मी म्हणालो. "त्या मुलींकडे खिशात ठेवायला असणार काय?"

मास्टरांनी तोंडातल्या टाचण्या काढल्या. "सर, पोरी हायत त्या. खडा सापडेल, शिंपला सापडेल. छावणीत सगळं सगळ्यांचं. तिचं स्वतःचं काय असेल, ते ती कुठं ठेवणार?"

मग त्यांनी मला खिशांच्या कडा दुमडायला बसवलं आणि हॉर्न वाजवून कंटाळलेल्या ड्रायव्हरच्या हातात इस्त्री दिली. तासाभराने टेम्पो सुटला, तेव्हा ड्रायव्हरच जास्त खुशीत होता. मास्टर मात्र हळहळत राहिले.

"एक खिसा वाकडा गेला, सर."

"तिथं कोण बघणार आहे?"

"जिला मिळेल ती," मास्टर म्हणाले.